सशाची पिल्लं झालीत, आई जवळच बसत नाही, काय करू?

सेलूहून एका ताईंचं पत्र आलंय. लांब होतं, थोडं कापून देतो.

"दादा, मुलानं लै हट्ट केला म्हणून दिवाळीनंतर बाजारातून सशाची जोडी आणली. विकणारा म्हणला दोन्ही माद्या आहेत. गुरुवारी पहाटे बघते तर पिंजऱ्यात सहा पिल्लं, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. दोन मेलेली होती, एकाला मुंग्या लागल्या होत्या. राहिलेली चार वळवळ करायलीत पण आई त्यांच्याकडं बघत पण नाही, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. स्वतःच्या पोटाचे केस उपटून तिथं ढीग केलाय. सासूबाई म्हणतात तुम्ही हात लावला म्हणून तिनं पिल्लं टाकली. शेजारच्या काकू म्हणतात गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजा. मिस्टर म्हणतात सगळे नेऊन द्या कुणालातरी. पिंजरा गच्चीवर पत्र्याखाली आहे. त्यात काल ज्वारी काढताना गड्याला रानातल्या सशाचं एक पिल्लू सापडलं, ते पण आणून दिलंय, त्याला यांच्यातच सोडू का? मुलगा रात्री दोन-दोनदा उठून बॅटरी लावून बघायलाय. आज शनिवार, लवकर सांगा."

ताई, बाकीचं वाचायच्या आधी एकदा पिल्लांची पोटं बघून या. हात धुवा, साबणाचा वास जाईपर्यंत पाण्यानं खळखळून धुवा, मग पिंजऱ्यातलंच थोडं गवत हाताला चोळा, आईला मूठभर कोथिंबीर टाका म्हणजे ती खाण्यात गुंतते, आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन बघा. पोट गोल टम्म असेल, कातडी ताणलेली असेल, अंग गरम असेल तर पिल्लू पिलेलं आहे, कधी कधी तर पोटाच्या पातळ कातडीतून आतलं पांढरं दूध सुद्धा दिसतं. पोट खपाटीला गेलेलं, कातडीला सुरकुत्या, अंग गार आणि सारखं चूं चूं करतंय तर ते उपाशी आहे. गुरुवारपासून शनिवारपर्यंत दूध मिळालंच नसतं तर चारीच्या चारी अशी वळवळ करत राहिली नसती, त्यामुळे माझा अंदाज असा की ती पाजायलीय, फक्त तुमच्यासमोर पाजत नाही.

कारण सशाची आई मांजरीसारखी पिल्लांना कुशीत घेऊन पडून राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा येते, बहुतेक पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतर, पिल्लांवर उभी राहते, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. बास, दिवसभराचं काम संपलं. आपल्या घरातला हा पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, तिथं रानात तो बिळात राहतो आणि पिल्लं बिळात ठेवून आई लांब राहते, कारण ती सारखी बिळाशी घुटमळली तर कोल्ह्या-मुंगसाला पत्ता आयताच मिळतो. आता तुमच्या गच्चीवर कोल्हा येणार नाही हे तिला कोण सांगणार. ती लांब बसलीय म्हणजे तिच्या हिशेबानं ती पिल्लांची राखणच करायलीय. आणि मुलगा रात्री दोनदा बॅटरी मारतो ना, ते आजपासून पूर्ण बंद, कारण नेमकी तीच तिची यायची वेळ आहे आणि तोंडावर उजेड पडला की ती परत फिरते. घाबरलेली, तहानलेली, सारखी डिस्टर्ब केलेली मादी पिल्लं तुडवते, कधी खाऊन पण टाकते, आणि लोक म्हणतात बघा कशी निर्दयी.

सासूबाईंना सांगा, हात लावल्यानं पाळीव सशाची आई पिल्लं टाकत नाही. रोज तुमच्याच हातचं खाते, तुमचा वास तिला पाठ आहे. पण त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे ते असं की हाताला अत्तर, झेंडू बाम, नाहीतर मांजर-कुत्र्याचा वास असेल तर मात्र ती बिथरते. म्हणून दिवसातून एकदाच बघायचं, एकाच माणसानं, स्वच्छ हातानं, दोन मिनिटांत उरकायचं.

केस उपटायलीय तो आजार नाही. बाळंत व्हायच्या आधी-नंतर मादी पोटाचे, छातीचे केस उपटून घरटं करते, त्यानं पिल्लांना ऊब पण मिळते आणि सडं मोकळी होऊन पिल्लांना सापडतात पण. तुमच्याकडं गडबड एवढीच झाली की तिला घरटं करायला जागा नव्हती, पहिलटकरीण आहे, केस एका कोपऱ्यात आणि पिल्लं दुसऱ्या कोपऱ्यात पडली. ती दोन पिल्लं बहुतेक गारठ्यानं गेली असतील, किंवा मेलेलीच जन्मली असतील, आता ते कळायचं नाही. तीन-चार दिवसांच्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, अंगावर केस नाहीत, आणि मांजर आणते तसं सशाची आई त्यांना तोंडात धरून परत जागेवर आणून ठेवत नाही. पिल्लू बाजूला गेलं की गेलं, म्हणून ते काम आपल्याला करायचंय.

तर घरटं करा. पुठ्ठ्याचं खोकं चालेल, लाकडी असेल तर अजून चांगलं, साधारण सव्वा फूट लांब, एक फूट रुंद, म्हणजे आईला आत वळता आलं पाहिजे पण ऐसपैस बसून राहता येऊ नये, नाहीतर ती तिथंच हगणार-मुतणार. पुढची बाजू पाच-सहा इंच उंच ठेवा, कारण आई उठून निघाली की एखादं पिल्लू सडाला तोंड लावून तसंच लोंबकळत बाहेर येतं, काठ असला की ते आतच पडतं. खाली पुठ्ठा, त्यावर चार बोटं वाळलेलं मऊ गवत, मधे वाटीसारखा खोलगट भाग करून त्यात आईनं उपटलेले केस, केसांत पिल्लं, वरून परत थोडे केस. खोकं तिथंच ठेवा जिथं तिनं केसांचा ढीग केलाय, जागा तिनं निवडलेली बरी.

आणि कापूस नको. मला माहितीय तुमच्याकडं घरात कापूस असतोच आणि मऊ म्हणून पहिला हात तिकडंच जातो, पण कापसाचे धागे पिल्लाच्या पायाला, मानेला गुंडाळतात आणि वळवळ करेल तसे आवळत जातात, पाय काळा पडून गळून जातो. सुटे दोरे निघणारी जुनी साडी, टॉवेल, गोणपाट यांचं पण तेच. आईचे केस कमी पडले तर तिच्या पोटाचे सुटलेले केस बोटानं अलगद निघतात तेवढे काढा, नाहीतर टिश्यू पेपरचे तुकडे टाका.

एखादं पिल्लू गार, कडक, निपचित सापडलं तर मेलं म्हणून लगेच पुरू नका. दोन्ही तळहातांत धरा, छातीशी कपड्याच्या आत ठेवा, किंवा बाटलीत कोमट पाणी भरून तिच्यावर कापडाचे दोन पदर घालून शेजारी ठेवा. अर्धा-पाऊण तास लागतो कधी कधी, आणि मेल्यागत वाटलेलं पिल्लू तोंड उघडून हालचाल करायला लागतं. गरम झाल्याशिवाय तोंडात दूध मात्र घालायचं नाही, गार पिल्लाला ते पचत नाही.

आता मुंग्या, ताई, हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं खरं तर. आपल्याकडं सशाची पिल्लं जायचं एक मोठं कारण लाल मुंग्या असतात, कारण जन्माचा ओलावा, सांडलेलं दूध, एखादं मेलेलं पिल्लू याच्या वासानं त्या रात्रीत येतात आणि ज्याला पळता येत नाही त्याला जिवंत खातात. पिंजऱ्याला पाय असतील तर चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत ठेवा, जुन्या घरात दुधादह्याच्या जाळीच्या कपाटाखाली ठेवायचे तसं, आणि पाणी रोज बदला. पिंजरा भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्या भिंतीवरनं येतील आणि पाण्याच्या वाट्या नुसत्या शोभेला. मुंग्यांचा खडू, पावडर, फवारा यातलं काहीच पिंजऱ्याजवळ नको, तो आई चाटते. मेलेलं पिल्लू दिसलं की लगेच उचलायचं. आणि रात्री जाळीचं दार बांधून घ्या, घूस नाहीतर उंदीर शिरला तर चारही पिल्लं एका रात्रीत जातात, जाळीचा गाळा अर्ध्या इंचापेक्षा मोठा असेल तर खालून बारीक जाळी मारा.

गच्चीवरचा पत्रा. तिथून त्यांना आजच खाली आणा, उद्या नको. सशाला घाम येत नाही, कानांतून थोडीफार उष्णता बाहेर टाकतो तेवढीच, तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि पस्तिशीच्या पुढं जिवावर बेततं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये चाळीस ओलांडतंय, आणि पत्र्याखाली तर विचारूच नका. खालच्या खोलीत, ज्या भिंतीला पश्चिमेचं ऊन लागत नाही तिथं ठेवा. माळवदाचं जुनं घर असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. खिडकीला ओलं पोतं लावा, पण कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. दुपारी बाटलीत पाणी गोठवून कापडात गुंडाळून आईजवळ ठेवा, ती तिला टेकून पडते. पिल्लांच्या खोक्यात गार बाटली ठेवायची नाही.

अडचण अशी की सध्या दिवसा चटका आणि पहाटे गारवा असं चाललंय, म्हणजे पिल्लांना दुपारी उकडतं आणि पहाटे थंडी वाजते. याच्यावर उपाय पिल्लंच सांगतात. सगळी एकमेकांत घुसून, एकावर एक चढून गोळा झालीत तर थंडी आहे, केस वाढवा. सगळी लांब लांब पसरलीत, अंग लालसर झालंय, धापा टाकायलीत तर उकडतंय, वरचे केस काढून पिशवीत ठेवा आणि संध्याकाळी परत घाला. आईचं बघायचं ते तोंड, ती तोंड उघडून धापा टाकत असेल तर कानांना साध्या पाण्याचा हात लावा, बुडवायचं नाही, बर्फाचं पाणी नाही, आणि डॉक्टरकडं निघा.

काकूंच्या गाईच्या दुधाबद्दल. डेअरीला दूध घालणारं कुणी घरात असेल तर त्यांना हे पटकन कळेल, गाईच्या दुधाला फॅट लागते साडेतीन-चार, म्हशीच्या सहा-सात, आणि सशाच्या दुधाला बाराच्या वर. म्हणून तर दिवसातून एकदा पाच मिनिटं पिऊन पिल्लू आठवड्यात दुप्पट होतं. गाईच्या दुधात साखर जास्त आणि स्निग्धपणा कमी, पिल्लाला हगवण लागते. आणि कापसाचा बोळा म्हणजे दूध किती जातंय याचा पत्ता नाही, ठसका लागून दूध फुप्फुसात गेलं की दोन दिवसांत निमोनिया. चांगली भरलेली पोटं असताना वरून पाजू नका, उगाच मायेपोटी मारतो आपण.

पोटं खरंच रिकामी असतील तर आधी आईलाच कामाला लावा. तिला हळूच उचलून खोक्यात पिल्लांवर ठेवा, डोक्यावरून हात फिरवत पाच मिनिटं थांबा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. दोन-तीन दिवसांत बहुतेक माद्या स्वतःहून जायला लागतात. त्याच वेळी तिची सडं बघा, मऊ असतील तर ठीक, एखादं लालनिळं, गरम, दगडासारखं कडक झालं असेल तर गाई-म्हशीला होते तशी दगडी झालीय, ती दुखण्यानं पिल्लांना जवळ येऊ देत नाही, याला घरगुती उपाय नाही. चारातलं एक पिल्लू बारीक राहिलं असेल तर त्याला रोज इतरांच्या आधी एकट्याला पाजायला लावा.

आई मेली किंवा दूधच नाही, तरच वरचं दूध. गावात कुणाकडं त्याच आठवड्यात व्यालेली दुसरी मादी असेल तर तिच्याकडं देणं सगळ्यात उत्तम, ती सहसा घेते. नसेल तर मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर, ती मिळेपर्यंत शेळीचं दूध कोमट करून. सुई काढलेली एक एमएलची सिरिंज घ्या, पिल्लू पालथंच, चार पायांवर असावं तसं, डोकं जरा वर, उताणं कधीच नाही, आणि थेंब थेंब ओठाला लावा, त्याला चाटू द्या. पहिल्या दिवसांत दोन वेळचं मिळून पाच एमएलच्या आसपास, आठवड्याचं झालं की बारा ते पंधरा, दोन आठवड्यांचं झालं की पंचवीसपर्यंत, हे एका पिल्लाचं दिवसभराचं सांगतोय आणि वरची मर्यादा सांगतोय, नको म्हणालं की थांबा. डोळे उघडेपर्यंत प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या बोळ्यानं शेपटीखाली हळूच पुसायचं, तेव्हा ते मुततं, नाहीतर पोट फुगून जातं. एवढं सगळं करूनही हातावरची पिल्लं बरीच दगावतात, मुलाला आधीच सांगून ठेवा.

आईचं खाणं. बाळंतीण आहे म्हणून सासूबाई तिला गूळ, भाकरीचा काला, नाहीतर डिंकाचा लाडू द्यायच्या आत त्यांना थांबवा! भाकरी, चपाती, बिस्कीट, भिजवलेले हरभरे, उसाचं कांडं, यातल्या कशानंही सशाचं पोट बिघडतं आणि बिघडलं की पटकन सावरत नाही. तिला वाळलेलं गवत चोवीस तास समोर पाहिजे, त्यावर लसूणघास, हरळी, कोथिंबीर. लसूणघास एरवी मोठ्या सशाला मी फार देऊ नका म्हणतो, पण पाजणाऱ्या मादीला ती पाहिजेच. कांदा-लसणाची पात नको, बटाटा नको, कोवळी ज्वारी किंवा कापलेल्या ज्वारीचे फुटवे तर बिलकूल नको, गुरांना त्यानं विषबाधा होते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. कपाशी-सोयाबीनच्या बांधावरचं गवत आणताना गेल्या काही दिवसांत फवारणी झालीय का ते विचारा. आणि पाणी, पाणी, पाणी. दूध पाण्याचंच होतं, भांडं एकदा रिकामं राहिलं की त्या रात्रीचं पाजणं गेलं. भांडं जड, मातीचं आणि उथळ घ्या, कारण दोन-अडीच आठवड्यांनी पिल्लं बाहेर फिरायला लागतील आणि खोल भांड्यात पडली तर बुडतील.

आता ती दुसरी "मादी". ताई, ती मादी नाही हे तर आता जगजाहीर झालंय, विकणाऱ्यांना लहान ससा ओळखता येत नाही की ओळखायचाच नसतो देव जाणे. त्याला या क्षणी वेगळ्या पिंजऱ्यात टाका. मादी व्याली की काही तासांत परत गाभण राहू शकते, आणि तो गुरुवारपासून तिच्यासोबतच असेल तर ती राहिली असंच धरून चला. गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा, म्हणजे कॅलेंडरवर त्या गुरुवारपासून पुढचा महिना मोजा आणि त्याच्या चार-पाच दिवस आधी खुणा करून ठेवा, तेव्हा नवं खोकं, नवं गवत तयार पाहिजे. एरवी मी सांगितलं असतं की पिल्लं सहा ते आठ आठवडे आईजवळच ठेवा, पण नवी वीण यायची असेल तर ही चार पिल्लं चार आठवड्यांची होताच शेजारच्या पिंजऱ्यात काढावी लागतील, सगळी एकत्र, भरपूर गवत देऊन. पोट मोठं झालं नाही, केस उपटले नाहीत तर मग राहू द्या आईजवळ आठ आठवडे.

मिस्टरांना सांगा द्यायचं तर जरूर द्या, पण आठ आठवड्यांच्या आत एकही पिल्लू द्यायचं नाही, आणि तीन महिन्यांच्या आत नर-मादी वेगळे करायचे, नाहीतर चारचे किती होतील याचा हिशेब लावत बसाल. नराचं ऑपरेशन करून घेता येतं, पण त्यानंतर सुद्धा काही आठवडे तो माद्यांपासून लांबच ठेवावा लागतो.

इथून पुढं कसं होत जाईल ते थोडक्यात. आठवड्याभरात अंगावर मखमलीसारखे केस येतील. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतील, बाराव्यानंतरही एखादा डोळा चिकटलेला असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्याच्या बोळ्यानं हळूच पुसा, आतून पू आला तर डॉक्टर. तिसऱ्या आठवड्यात बाहेर येऊन आईचं गवत कुरतडतील, आईच्या लेंड्या पण खातील, खाऊ द्या, त्यातनंच त्यांच्या पोटाला लागणारे चांगले जंतू मिळतात. सरक्या फरशीवर सोडू नका, पाय फाकतात, खाली गोणपाट नको म्हणलं होतं, मग चटई टाका. चौथ्या ते आठव्या आठवड्यात दुधावरनं गवतावर येताना हगवण लागायची भीती सगळ्यात जास्त, पाण्यासारखं शेण दिसलं तर तेव्हा "उद्या बघू" करायचं नाही, त्याच दिवशी निघायचं. मुलाला काम पाहिजे असेल तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रिक काट्यासारखा एक छोटा काटा घेऊन रोज दुपारी वजनं वहीत लिहायला लावा, दोन दिवस वजन वाढलं नाही की आपल्याला आधी कळतं. उचलायला त्याला डोळे उघडल्यावरच द्या, जमिनीवर बसून, दोन्ही हातांत. कानाला धरून ससा कुणी उचलत असेल तर त्याचा हात बाजूला करा.

रानातल्या पिल्लाचं. त्याला तुमच्या सशांत सोडू नका, ती वेगळीच जात आहे, आपली मादी त्याला चावेल. नीट बघा, त्याच्या अंगावर केस आहेत आणि डोळे उघडे आहेत, ना? रानससा बिळात नाही राहत, उघड्यावर गवतात, पिकात बसतो, त्याची पिल्लं तशीच तयार जन्मतात आणि आई त्यांना वेगवेगळ्या जागी बसवून लांब राहते, सूर्य मावळल्यावर एकदा येऊन पाजून जाते. म्हणजे गड्याला ते सापडलं तेव्हा ते पोरकं नव्हतंच. आज संध्याकाळच्या आत जिथून आणलं त्याच पट्टीत, ज्वारी काढून झाली असेल तर बांधाच्या कडेच्या गवतात, सावलीला ठेवून या आणि लांब व्हा, कुत्रं सोबत नेऊ नका. एक-दोन दिवस झाले तरी आई परत येऊन बघते बऱ्याचदा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, तो पाळता येत नाही, पाळायला म्हणून ठेवला तर तुम्हीच अडचणीत याल, आणि खरं सांगायचं तर तो पिंजऱ्यात धडका घेऊनच मरतो.

डॉक्टरकडं जायची वेळ आली तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. मेडिकलवरून अमॉक्सिसिलीन या अँटिबायोटिकचं सिरप आणून सशाला पाजू नका, माणसाच्या लेकरांना चालतं म्हणून इकडं पण देतात लोक, त्यानं सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. कुत्र्याच्या गोचिडांचा फिप्रोनिलचा स्प्रे पण सशाला विष आहे. औषध देणाऱ्याला "ससा आहे, पाजणारी मादी आहे" हे दोन्ही सांगायचं. तुम्हाला सेलूहून परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, लातूरकडच्या वाचकांना उदगीरचं. सशाचं बघणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का ते आधी फोन करून विचारा. पिल्लू एकटं नेऊ नका, आईसकट सगळी न्या, टोपल्यात खाली त्यांच्याच घरट्यातलं गवत-केस टाका, वरून ओलसर कापड, आणि दुपारच्या एसटीनं जाऊ नका, सकाळची पहिली गाडी धरा.